एक जागा, एक उजेड आणि योग्य माध्यम : कोल्हापुरात निसर्गचित्रणाची स्वतःची पद्धत कशी बसवावी

कला महाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला विद्यार्थी असो किंवा नोकरी सांभाळून रविवारी रंगपेटी घेऊन निघणारा हौशी चित्रकार असो, तो बहुधा दोन प्रश्नांपाशी अडतो : काय रंगवावे आणि कशात रंगवावे. आपली शैली कोणती, हा तिसरा प्रश्न त्याला अधिक छळत असतो; पण पहिल्या दोन प्रश्नांवर नेटाने काम केले, तर तिसऱ्याकडे पाहायला सवड उरत नाही आणि त्याची गरजही पडत नाही. पुढील मांडणी एका ठाम समजुतीवर आधारलेली आहे : आधी जागा ठरवावी, मग त्या जागेचा उजेड समजून घ्यावा, मग त्या उजेडाला साजेसे माध्यम घ्यावे आणि त्यानंतरच कागदाला हात लावावा. पुष्कळ जण हा क्रम उलटा लावतात. आधी महागडे जलरंग विकत घेतात आणि मग जलरंगात शोभेल असे दृश्य शोधत गावभर फिरतात.

जागा कशी निवडावी

कोल्हापुरात विषयांची टंचाई नाही. अडचण झालीच तर मुबलकतेची होते. आज पंचगंगा घाट, पुढच्या रविवारी पन्हाळा, त्यानंतर खिद्रापूर अशी भटकंती केली, तर वर्षाअखेरीस वहीत अनेक ठिकाणांच्या ओळखी जमतात, पण एकाही ठिकाणाशी सलगी होत नाही. म्हणून पहिले वर्ष एकाच जागेला द्यावे. ती जागा घरापासून इतकी जवळ असावी की पहाटे उठल्यावर जाण्याचा कंटाळा येऊ नये. तिथे सावलीत बसायची सोय असावी. तिथे उजेडाची नोंद ठेवणारे काहीतरी, म्हणजे पाणी, मोठी भिंत किंवा दगडी बांधकाम असावे. मोकळ्या माळावर ऊन कसे सरकते ते नवख्या डोळ्याला चटकन कळत नाही. रंकाळा तलावातल्या संध्यामठ या दगडी वास्तूच्या काळ्या खांबांवर मात्र ते लगेच दिसते.

या दृष्टीने रंकाळा, कोटीतीर्थ, कळंबा तलाव, पंचगंगा घाट आणि न्यू पॅलेसचा परिसर या जागा उत्तम आहेत. कोटीतीर्थाचे नाव घेतले की आबालाल रहिमान यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून आलेला आणि शाहू महाराजांच्या दरबाराशी जोडला गेलेला हा चित्रकार कोल्हापूरच्या पाण्याकडे आणि झाडांकडे पुन्हा पुन्हा वळत राहिला. १९३१ साली त्यांचे निधन झाले, परंतु टाऊन हॉलच्या संग्रहालयात त्यांचे आणि त्यांच्या परंपरेतील इतरांचे काम आजही पाहता येते. तिथे जाताना वही आणि पेन्सिल सोबत न्यावी, आणि चित्राची नक्कल न करता फक्त तीन गोष्टी टिपाव्यात : सर्वांत गडद जागा कुठे आहे, सर्वांत उजळ जागा कुठे आहे आणि कोणत्या कडा मुद्दाम पुसट ठेवल्या आहेत. तिसरी नोंद सर्वांत मोलाची असते. शिकाऊ चित्रकार प्रत्येक कडा सारख्याच धारदारपणे काढतो. जाणता चित्रकार नजर जिथे थांबावी असे त्याला वाटते तेवढीच कडा स्पष्ट ठेवतो.

प्रेरणेविषयी एवढेच म्हणता येईल की ती पूर्वसूरींच्या चित्रांत शोधण्यापेक्षा त्यांच्या सवयींत शोधावी. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव यांनी नाटकांचे पडदे रंगवले, आणि पुढे बाबूरावांनी चित्रपटाच्या क्षेत्रात जे केले त्यामागे त्या भव्य पडद्यांवर मुरलेली छायाप्रकाशाची समज होती. अभिनेते चंद्रकांत मांडरे यांनी चित्रपटांत काम करत असतानाही निसर्गचित्रण सोडले नाही. राजारामपुरीतील त्यांच्या संग्रहालयात पावडर शेडिंगची निसर्गचित्रे पाहिली, तर एकाच काळसर पावडरीतून धुके, डोंगर आणि पाणी यांचे किती थर काढता येतात ते समजते. रंगांच्या मागे लागण्यापूर्वी ही चित्रे प्रत्येकाने पाहावीत, असे माझे आग्रहाचे मत आहे.

उजेडाचा अभ्यास

निवडलेल्या जागी पहिले काही दिवस रंगपेटी नेऊच नये. वही, २बी पेन्सिल आणि घड्याळ एवढेच न्यावे. एकाच ठिकाणी बसून सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी त्याच दृश्याचे काडेपेटीएवढे छोटे आराखडे काढावेत आणि प्रत्येकात फक्त तीन छटा वापराव्यात : कोऱ्या कागदाचा पांढरा, मधला करडा आणि पेन्सिल दाबून काढलेला गडद. खाली वेळ आणि तारीख लिहावी.

रंकाळ्याचेच उदाहरण घेऊ. शहर तलावाच्या पूर्वेला आहे आणि शालिनी पॅलेस पलीकडे, पश्चिमेच्या बाजूला आहे. सकाळी शहराकडच्या काठावर बसले, तर सूर्य पाठीमागे असतो. त्यामुळे समोरची इमारत, झाडे आणि पाणी यांचे रंग स्वच्छ दिसतात, पण सावल्या वस्तूंच्या मागे लपल्याने चित्र सपाट होण्याचा धोका असतो. संध्याकाळी त्याच जागेवरून सूर्य समोर येतो. तपशील नाहीसे होतात, इमारत आणि झाडी यांचा एकसंध गडद आकार होतो आणि पाणी आकाशाइतकेच उजळ दिसू लागते. याचा सरळ अर्थ असा की सकाळचे चित्र रंगांच्या फरकावर उभे राहते आणि संध्याकाळचे चित्र छटांच्या फरकावर. हे एकदा पटले की माध्यमाची निवड निम्मी झालेली असते.

सूर्य आकाशात तासाला सुमारे १५ अंश सरकतो. म्हणून सकाळच्या कोवळ्या उन्हात सुरू केलेल्या चित्राला फार तर दीड-दोन तास मिळतात. त्यानंतर जे दिसते ते वेगळे चित्र असते. सावल्यांच्या कडा सुरुवातीलाच पेन्सिलीने पक्क्या कराव्यात आणि नंतर त्या प्रत्यक्षात कितीही हलल्या तरी कागदावर हलवू नयेत. अर्ध्या सावल्या आठच्या आणि अर्ध्या दहाच्या असलेली चित्रे प्रदर्शनांतही दिसतात. पाहणाऱ्याला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही, पण खटकते हे नक्की.

ऋतूंचा हिशेब कोल्हापूरकरांना कुणी वेगळा शिकवायला नको, कारण अंबाबाईचा किरणोत्सव तो दर वर्षी शिकवतो. मावळतीची किरणे ९, १० व ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात, कारण २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेची सीमा गाठून परत फिरतो आणि त्या दिवसाच्या आधी व नंतर सारख्याच अंतरावर असलेल्या तारखांना त्याचा मार्ग जवळजवळ एकच असतो. चित्रकाराने या गोष्टीचा व्यवहारात उपयोग करावा. नोव्हेंबरच्या दहा तारखेला घाटावर सुरू केलेले मोठे चित्र अपुरे राहिले, तर तसाच उजेड फेब्रुवारीच्या आरंभी पुन्हा मिळतो. फक्त घड्याळाकडे लक्ष ठेवावे : फेब्रुवारीत सूर्य त्याच जागी सुमारे अर्धा तास उशिरा येतो. आणि शेताचे चित्र असेल तर हा उपाय चालत नाही, कारण नोव्हेंबरात उभा असलेला ऊस फेब्रुवारीपर्यंत कारखान्याला गेलेला असण्याची शक्यता मोठी असते.

माध्यमाची निवड

पाणी, धुके, पावसाळी आकाश आणि सकाळचे पारदर्शक ऊन यांसाठी जलरंगाला तोड नाही, कारण त्यात उजेड कागदाच्या पांढरेपणातून येतो. अंधाऱ्या जागा, धूर, वाफ आणि माणसांच्या झटपट हालचाली यांसाठी कोळसा किंवा सॉफ्ट पेस्टल अधिक कामाचे. कोरीव दगडी कामासाठी पेन आणि पातळ शाईचा हात पुरतो. संध्याकाळचे घट्ट, जड रंग, दगडाचे वजन आणि मोठ्या आकाराची चित्रे यांसाठी तैलरंग किंवा ॲक्रिलिक घ्यावेत. एकच माध्यम धरून सगळे विषय त्यात कोंबणे हा आग्रह शाळेत ठीक असतो.

गुऱ्हाळघराचे उदाहरण बोलके आहे. हंगामात करवीर किंवा पन्हाळा तालुक्यात कुठेही गेले, तरी काहिलीवर उकळणारा रस, चुलवाणात जाणारी चिपाडे, उंच दांड्याने रस ढवळणारा गुळव्या आणि या सगळ्यावर दाटलेली वाफ दिसते. हे दृश्य जलरंगात करू जाणाऱ्याला वाफेच्या जागा आधीपासून राखून ठेवाव्या लागतात आणि माणसे तोवर जागा बदलतात. तेच करड्या किंवा मातकट रंगाच्या कागदावर कोळशाने गडद आकार टाकून, कापडाने पुसून, मळून मऊ केलेल्या खोडरबराने वाफ उचलून काढली, आणि जाळाच्या जागी पेस्टलचे दोन-तीन नारिंगी फटकारे दिले, तर अर्ध्या तासात काम उभे राहते. शेवटी रंग कागदावर धरून ठेवणाऱ्या फिक्सेटिव्हचा हलका फवारा मारावा. जाड फवाऱ्याने पेस्टलचा रंग काळवंडतो.

तालमीतही कोळसाच न्यावा. गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत पहाटे चालणारा सराव पाहायचा असेल, तर आधी वस्तादांची परवानगी घ्यावी, आखाड्याच्या कडेला चपला काढून बसावे आणि पैलवानांना थांबून राहण्यास सांगू नये. एका डावाला काही सेकंदच मिळतात, म्हणून हात-पाय मोजत बसण्याऐवजी मणक्याची रेषा, कमरेचा झुकाव आणि वजन कोणत्या पायावर आहे एवढेच टिपावे. रंग करायचाच झाला, तर एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी : हौदातील तांबड्या मातीवरून परतलेला उजेड शरीराच्या खालच्या बाजूच्या सावल्यांना तांबूस करतो. सावली म्हणजे काळा रंग, ही समजूत तिथे एका सकाळीत सुटते.

खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात स्वर्गमंडपाचे छत मध्यभागी वर्तुळाकार उघडे आहे आणि त्यातून आलेला उजेड खालच्या शिळेवर पडतो. भोवतालचे खांब, त्यांवरील कंगोरे आणि नक्षी सगळी काढायची हौस आवरावी. उजेडाजवळचे दोन-तीन खांब तपशिलाने काढावेत आणि बाकीचे शाईच्या पातळ हातात विरू द्यावेत.

जलरंगाचे साहित्य

रंगांपेक्षा कागदावर अधिक पैसे खर्च करावेत. ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम) वजनाचा, शंभर टक्के कापसाचा, मध्यम खरखरीत पोताचा कागद घेतल्यास तो पाणी पिऊनही फारसा फुगत नाही आणि एकावर एक तीन-चार हात सहन करतो. शिकताना कार्ट्रिज कागदावर काढलेली चित्रे मळकट होतात तेव्हा विद्यार्थी स्वतःच्या हाताला दोष देतो. खरा दोष बहुधा कागदाचा असतो. पूर्ण इम्पीरियल तावाचे चार भाग केले, की ११ × १५ इंचांचा तुकडा मिळतो आणि बाहेर बसून काम करण्यासाठी हा आकार सोयीचा आहे. बोर्डवर चारही बाजूंनी मास्किंग टेप लावावी. २०० जीएसएमचा कागद वापरायचा असेल, तर तो आधी भिजवून गोंदपट्टीने बोर्डवर ताणून वाळवावा.

कुंचले तीन पुरतात : मोठ्या हातासाठी दीड-दोन इंचांचा चपटा, मधल्या कामासाठी १२ क्रमांकाचा गोल आणि शेवटच्या रेषांसाठी ४ किंवा ६ क्रमांकाचा. बारीक कुंचला पिशवीच्या तळाशी ठेवावा, म्हणजे तो लवकर हाती येत नाही.

रंगांची संख्या आठाच्या आत ठेवावी. लेमन यलो, यलो ऑकर, लाइट रेड, बर्न्ट सायना, एक कायमस्वरूपी टिकणारा गुलाबी-लाल, अल्ट्रामरीन आणि कोबाल्ट ब्लू एवढ्यांत कोल्हापूर परिसरातील जवळपास सर्व रंग बनतात. जुन्या पद्धतीचा अलिझारिन क्रिमसन उन्हात उडतो, म्हणून त्याऐवजी क्विनाक्रिडोन वर्गातील लाल घ्यावा. नळीवर रंगद्रव्याचा सांकेतिक क्रमांक छापलेला असतो आणि त्यात पीआर ८३ हा अलिझारिनचा क्रमांक दिसला की ती नळी दुकानातच ठेवावी. ज्यांना खात्री करून घ्यायची असेल, त्यांनी प्रत्येक रंगाचा एक पट्टा कागदावर ओढावा, त्याचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकावा आणि तो दक्षिणेकडच्या खिडकीत काही महिने चिकटवून ठेवावा. झाकण काढल्यावर कोणते रंग फिके पडले हे कुणाला विचारावे लागत नाही.

काळा रंग पेटीत ठेवू नये. रंकाळ्याचा संध्यामठ, १८८४ साली पूर्ण झालेला न्यू पॅलेस, घाटावरील छोटी मंदिरे, हे सारे काळ्या पाषाणाचे आहे. पण तो काळेपणा सकाळी निळसर आणि संध्याकाळी तपकिरी असतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना एकत्र करून निळ्याचे प्रमाण वाढवले किंवा कमी केले, की दोन्ही वेळांचा दगड मिळतो. पन्हाळ्याच्या बाजूचा तांबडा जांभा लाइट रेड आणि यलो ऑकर यांच्या मिश्रणातून येतो, आणि त्याच्या सावलीत थोडा कोबाल्ट मिसळावा लागतो. नळीतील तयार हिरवा ही कोल्हापुरातल्या चित्रांची खरी डोकेदुखी आहे, कारण आपल्याकडे नजर जाईल तिथे ऊस असतो आणि सगळा ऊस एकाच हिरव्याने रंगवण्याचा मोह होतो. लेमन यलो आणि अल्ट्रामरीन यांचा हिरवा करून त्यात बर्न्ट सायनाचा थेंब टाकावा. कोवळ्या उसाला पिवळा वाढवावा, तुऱ्यावर आलेल्या उसाच्या वरच्या कडेला यलो ऑकर आणि पुसट गुलाबी करडा ठेवावा, आणि दूरचा पट्टा निळ्याकडे झुकवावा.

प्रत्यक्ष चित्र : रंकाळा, सकाळ

जागेवर पोहोचताच कागद ताणू नये. थोडा वेळ काठाने चालावे, दृश्य डोळे किलकिले करून पाहावे आणि ते तीन-चार मोठ्या आकारांत मोडते का ते तपासावे. मोडत नसेल तर जागा बदलावी. त्यानंतर तीन छटांचे छोटे आराखडे काढावेत. त्यांत पलीकडच्या काठाची रेषा कागदाच्या बरोबर मध्यावर येऊ देऊ नये. आकाश बोलके असेल तर रेषा खाली घ्यावी, पाण्यातले प्रतिबिंब बोलके असेल तर वर. आराखड्यांपैकी एक निवडावा आणि नंतर समोर काही अधिक सुंदर घडले, तरी निवड बदलू नये. उन्हाळ्यात पाणी ओसरून संध्यामठ पायापर्यंत उघडा पडतो आणि पावसाळ्यात बराचसा बुडतो. त्यामुळे त्याची उंची आठवणीने न काढता त्या दिवशी जेवढी दिसेल तेवढीच काढावी.

पेन्सिलीचे रेखाटन हलके आणि कमी असावे. मठाच्या खांबांतील अंतर, पॅलेसच्या मनोऱ्याची जागा आणि पलीकडच्या झाडीची वरची कडा एवढे नेमके असले की पुरे. उजेडाच्या ज्या जागा पांढऱ्या ठेवायच्या आहेत त्यांच्याभोवती बारीक खूण करावी.

पहिला हात आकाशापासून पाण्यापर्यंत एकाच ओघात द्यावा. बोर्ड थोडा कलता ठेवावा, मोठ्या चपट्या कुंचल्याने वरून खाली यावे, क्षितिजाजवळ यलो ऑकर आणि गुलाबी यांची फिकट ऊब आणावी आणि पाण्याच्या तळाशी येताना पुन्हा निळा करडा वाढवावा. राखलेल्या पांढऱ्या जागा चुकवून हा हात न थांबता पूर्ण करावा, कारण मध्येच थांबलेल्या कुंचल्याची कडा वाळून डाग होतो. ऋतूप्रमाणे गती बदलावी लागते. एप्रिलात हात पाहता पाहता वाळतो, म्हणून कागद आधी स्वच्छ पाण्याने ओला करून घ्यावा आणि फवाऱ्याची बाटली जवळ ठेवावी. जुलैत मात्र हवेतल्या दमटपणामुळे तोच हात तासभर ओला राहतो, तेव्हा पाणी कमी आणि रंग घट्ट ठेवून ओल्यावर ओले काम करण्याची तयारी ठेवावी. पावसाळी चित्रांतील कडा मऊ दिसतात त्यामागे हवामानाचाही हात असतो.

कागदावरची चमक गेली पण आत ओल आहे, अशा वेळी दूरच्या झाडीचा निळसर हिरवा लावावा, म्हणजे तिची वरची कडा आकाशात किंचित मिसळते. कागद पूर्ण वाळल्यावर मधल्या छटा येतात : पॅलेसच्या भिंतींची सावलीची बाजू, जवळची झाडे, मठाचा मुख्य आकार. इमारतीच्या खिडक्या मोजू नयेत. एक-दोन ठिकाणी सूचित कराव्यात.

प्रतिबिंब काढताना दोन नियम पाळावेत. प्रतिबिंब वस्तूच्या थेट खाली, उभ्या रेषेत येते. ते कधीही तिरपे जात नाही. आणि पाण्यात उजळ वस्तू प्रत्यक्षाहून किंचित गडद दिसते, तर गडद वस्तू किंचित उजळ दिसते. मठाच्या खांबांचा जो रंग बनवला असेल त्यातच थोडे पाणी आणि निळा मिसळून प्रतिबिंब काढावे. पाणी हलते असेल, तर प्रतिबिंब खालच्या बाजूला लांबते आणि आडव्या उजळ रेषांनी तुटते. या रेषा नंतर पांढऱ्या पोस्टर रंगाने ओढण्यापेक्षा ओलसर चपट्या कुंचल्याने रंग उचलून काढाव्यात.

सर्वांत गडद हात शेवटी आणि कमी जागी द्यावा : खांबांमधील अंधार, काठाखालची रेषा, एखाद्या बसलेल्या माणसाचा आकार. इथवर येताना भोवती प्रेक्षक जमलेले असतात, आणि ‘‘लई भारी काढलंय की पावणं, आता आमच्या म्हशी बी घाला!’’ अशी सूचना हमखास येते. म्हशी खरोखर रचनेला हव्या असतील तरच घालाव्यात. सूचना करणाऱ्याला दुखावू नये, कारण पुढच्या वेळी सावलीतली जागा तोच राखून देतो.

थांबण्याची वेळ ओळखण्याची एक साधी खूण आहे. कुंचला हातात घेऊन ‘आता काय करू’ असा प्रश्न पडला, की चित्र थांबवावे. मोबाइलवर दृश्याचे छायाचित्र काढायला हरकत नाही, पण त्याचा उपयोग खांबांच्या रचनेसारख्या तपशिलापुरता करावा. छायाचित्रात सावल्या काळ्या होतात आणि आकाश पांढरे पडते, त्यामुळे रंगासाठी त्यावर विसंबणारा चित्रकार उजेडाचा सगळा अभ्यास पाण्यात घालवतो.

घरात तैलरंग किंवा ॲक्रिलिकमध्ये मोठे चित्र

जागेवरचे जलरंग हे अनेकांसाठी पूर्ण चित्र असते. इतरांसाठी ते मोठ्या चित्राचे टिपण असते. दुसऱ्या प्रकारच्या चित्रकाराने जागेवर रंगांची नावे आणि छटांचे क्रमांक वहीच्या समासात लिहून आणावेत आणि कॅनव्हासवर आधी पातळ बर्न्ट सायनाचा किंवा मध्यम करड्याचा एकसारखा हात देऊन तो वाळू द्यावा. पांढऱ्या कॅनव्हासवर प्रत्येक छटा खरी असते त्याहून गडद वाटते. रंगीत पार्श्वभूमीवर अंदाज बरोबर येतो.

तैलरंगात पहिले थर टर्पेंटाइनने पातळ केलेले आणि वरचे थर जवसाच्या तेलाचे प्रमाण वाढवत नेलेले असावेत. हा क्रम उलटला, तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर आक्रसतो आणि पृष्ठभागाला भेगा पडतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तैलरंग फार सावकाश वाळतात; जून ते सप्टेंबरमध्ये ॲक्रिलिकवर काम करणे अधिक शहाणपणाचे ठरते. ॲक्रिलिकच्या खालच्या थरावर तैलरंग चालतात, पण तैलरंगावर ॲक्रिलिक कधीही लावू नये. ते सुटून येतात. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून मग टाकावीत. खोलीची खिडकी उघडी ठेवणे हे सांगण्याची गरज नसावी, पण टर्पेंटाइनच्या वासाने डोके धरलेले चित्रकार पाहून सांगावेसे वाटते. वॉर्निशची घाई करू नये; जाड थराच्या तैलचित्राला सहा महिने ते वर्षभर थांबावे.

काम तपासणे आणि जपणे

नुकत्याच केलेल्या चित्राचा निकाल त्याच दिवशी लावू नये. ते भिंतीकडे तोंड करून ठेवावे आणि काही आठवड्यांनी बाहेर काढावे. तेव्हा मोबाइलवर त्याचे कृष्णधवल छायाचित्र काढून पहिल्या दिवसाच्या तीन छटांच्या आराखड्याशी ताडून पाहावे. आराखड्यात जे तीन आकार स्पष्ट होते ते चित्रात हरवले असतील, तर दोष रंगाचा नसून छटेचा आहे. आरशात उलटे पाहिल्याने रेखाटनातला तिरपेपणा उघडा पडतो. वर्षभराची चित्रे तारखेप्रमाणे जमिनीवर मांडली, की कोणत्या वेळेचा उजेड, कोणती रचना आणि कोणते माध्यम आपण नकळत पुन्हा पुन्हा निवडतो ते दिसते. स्वतःच्या पद्धतीचा शोध घ्यायचा तो या मांडणीत. दुसऱ्या वर्षाची जागा आणि साहित्य तिच्यावरून ठरवावे.

जलरंगाचे सर्वांत मोठे वैरी ओल आणि बुरशी. कोरा कागदही दमट कपाटात राहिला तर त्यावरील सरसाचा लेप खराब होतो आणि तो टिपकागदासारखा रंग शोषतो. म्हणून कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा. चौकट करताना आम्लरहित माउंट बोर्ड वापरावा, काच चित्राला टेकू देऊ नये आणि पावसाच्या माऱ्याकडील भिंतीवर चित्र टांगू नये.

चित्रे लोकांपुढे ठेवताना

शाहू स्मारक भवनासारख्या ठिकाणी प्रदर्शन मांडायचे ठरले, की चित्रांसोबत लावायचे निवेदन लिहावे लागते, आणि उत्तम रंगवणारी माणसे इथे अचानक धूसर लिहू लागतात. ‘निसर्गाची अनाम ओढ’ किंवा ‘रंगांशी अंतरीचा संवाद’ अशा वाक्यांनी वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. निवेदन दीडशे शब्दांच्या आत असावे आणि त्यात तीनच प्रश्नांची साधी उत्तरे असावीत : कोणती जागा आणि कोणता वेळ, ते माध्यम का, आणि काम कोणत्या क्रमाने झाले. ‘‘ही चित्रे रंकाळ्याच्या पूर्व काठावरून, सूर्योदयानंतरच्या दोन तासांत, जागेवर बसून केली आहेत, पाण्याचा उजळपणा कागदाच्या पांढऱ्यातून मिळावा म्हणून पारदर्शक जलरंग निवडले आहेत,’’ एवढे लिहिले, तर प्रेक्षक चित्राकडे पुन्हा वळून पाण्यातला पांढरा शोधतो. कुणाच्या कामातून शिकलो त्यांचे नाव अवश्य लिहावे, पण काय शिकलो तेही त्याच वाक्यात यावे.

प्रत्येक चित्राखालील चिठ्ठीवर शीर्षक, माध्यम, आकार आणि साल लिहावे. आकारात उंची आधी आणि रुंदी नंतर येते. चित्राच्या मागील बाजूस हीच माहिती पेन्सिलीने, कागद न दाबता लिहून ठेवावी, कारण चौकट बदलली की चिठ्ठी हरवते. किंमत चिठ्ठीवर न लिहिता वेगळ्या यादीत ठेवावी आणि ती यादी दाराजवळच्या टेबलावर असू द्यावी.